जुन्या सिनेताऱ्यांना शेलापागोटे: गमतीचे पुरस्कार कसे ठरवावेत, लिहावेत आणि द्यावेत

गॅदरिंगमध्ये फिशपाँड वाचायला सुरुवात झाली की छातीत धडधडायचं. आपल्या नावाची चिठ्ठी निघाली तर कान लाल व्हायचे, आणि निघालीच नाही तर रात्री झोप लागायची नाही. त्याच्याच जोडीला असायचे शेलापागोटे. शेला आणि पागोटं या खरं तर मानाच्या वस्तू. शेला खांद्यावर टाकायचा आणि टाकता टाकता हळूच चिमटा काढायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. धुळवडीला वर्तमानपत्रंसुद्धा पुढाऱ्यांना आणि नटनट्यांना असे शेलापागोटे वाटत आली आहेत.

हाच खेळ जुन्या सिनेमातल्या कलावंतांसाठी मांडता येतो. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कोजागरीचं दूध आटेपर्यंत लोकांना धरून कसं ठेवायचं, या अडचणीतून तो आमच्याकडे सुरू झाला. आता लोक दुधाआधी पुरस्कारांची चौकशी करतात. १९४० ते १९७० या काळातले नट, नट्या, खलनायक, आया, बाप, इन्स्पेक्टर यांच्यातून दर वर्षी दहा-बारा जणांची निवड होते. पुरस्कार गमतीचे असतात, पण माया खरी असते. तुम्हाला ही संध्याकाळ घरी, मंडळात, ज्येष्ठ नागरिक संघात किंवा एखाद्या हस्तलिखित अंकाच्या पानावर करायची असेल, तर तिची कृती पुढे देते आहे.

चिमटा कशाला काढायचा, हे आधी ठरवा

हॉलिवूडमध्ये लुएला पार्सन्स आणि हेडा हॉपर या दोन सदरलेखिकांचा एके काळी मोठा दरारा होता. हेडा आधी स्वतः नटी होती. १९३८ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये तिचं सदर सुरू झालं आणि तिच्या भल्याथोरल्या टोप्यांइतकीच तिची लेखणी गाजली. तिथल्या महिला पत्रकारांच्या क्लबने १९४१ पासून सफरचंदं वाटायला सुरुवात केली. पत्रकारांशी गोडीने वागणाऱ्याला सोनेरी सफरचंद, न वागणाऱ्याला आंबट. कल्पना झकास आहे, पण आंबट सफरचंदाची एक गोष्ट मला कधीच पटली नाही. ते पडद्यावरच्या कामाबद्दल नव्हतंच. मुलाखत दिली नाही, फोन उचलला नाही, म्हणून ते हातात पडायचं. देणाऱ्याचा रुसवा तेवढा त्यात होता.

आणि रुसव्याच्या पुढची पायरी फार वाईट असते. १९४९ च्या डिसेंबरमध्ये नटी इन्ग्रिड बर्गमनच्या विवाहबाह्य गरोदरपणाची बातमी लुएलाने फोडली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सिनेटमध्ये बर्गमनची निंदा झाली आणि काही वर्षं ती हॉलिवूडपासून तुटली. असल्या कुजबुजीला आपल्या पुरस्कारांत जागा ठेवायची नाही. कोणाचं कोणाशी होतं, कोण कोणाच्या घरी गेलं, हे विषय पहिल्याच दिवशी बाद करा.

आता दुसरं टोक बघा. १९३९ च्या ऑस्कर सोहळ्यात वॉल्ट डिस्नेला हिमगौरीच्या सिनेमासाठी जो मान मिळाला, त्यात एक पुतळा नेहमीच्या उंचीचा होता आणि त्याच्या बाजूला ओळीने सात बुटके पुतळे. चिमुरड्या शर्ली टेंपलने ते डिस्नेच्या हाती दिले. त्याच्या आदल्या वर्षी शब्दभ्रमकार एडगर बर्गनला चक्क लाकडी ऑस्कर मिळाला होता, आणि त्याचं तोंड उघडमीट करायचं! आपल्याकडच्या रामदास पाध्यांना त्यांच्या अर्धवटरावासारखी मान हलवणारी सन्मानमूर्ती द्यावी, तसंच ते झालं.

मला सगळं शास्त्र या दोन वस्तूंत दिसतं. सात बुटके पुतळे डिस्नेशिवाय जगात कोणालाही शोभले नसते. गंमत त्याच्या कामातून उगवली होती आणि त्याच्याच मापाची होती. आपल्याला असे पुरस्कार शोधायचे आहेत.

वही घेऊन सिनेमा बघा

आठवणीवर विसंबून पुरस्कार काढू नका. आठवणीत सगळ्या आया रडतात आणि सगळे खलनायक हसतात. प्रत्यक्ष बघायला बसलं की त्या आयांमध्ये आणि त्या हसण्यांमध्ये फरक दिसू लागतो, आणि तो फरकच आपला कच्चा माल असतो.

एका वेळी एकच सिनेमा, आणि त्यातही एकच माणूस धरा. उदाहरणार्थ ‘प्यासा’ (१९५७) लावा आणि फक्त जॉनी वॉकरकडे बघा. चंपीवाला अब्दुल सत्तार. गाणं आहे, सूर रफीसाहेबांचा आहे, पण तुम्ही हातांकडे बघा. तेलाचा हात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडतो तो मालिशवाल्याचा म्हणून पडतो आणि बघता बघता तबलजीचा होतो. बिचाऱ्या गिऱ्हाइकाचं डोकं म्हणजे डग्गा. बघून झाल्यावर वहीत लिहा: ‘माणसाचं डोकं वाद्य म्हणून वाजवतो.’ झाला पुरस्कार तयार. ‘श्रेष्ठ विनोदी नट’ या शब्दांत हे कधीच आलं नसतं.

तसंच के. एन. सिंगांकडे बघा. पडद्यावरचा हा खलनायक क्वचितच ओरडतो. आसपासचे लोक धावपळ करत असतात आणि हे शांतपणे एक भुवई वर नेतात. आमच्या घरी एका भाच्याने एका सिनेमात ती भुवई किती वेळा वर जाते हे मोजायचं ठरवलं आणि शेवटी भान विसरून नुसताच बघत बसला. त्या वर्षी त्यांना ‘आवाज न चढवता घाम फोडल्याबद्दल सुवर्णभुवई’ मिळाली.

मोजणं मात्र उपयोगाचं असतं. जगदीश राज या नटाने १४४ सिनेमांत पोलिसाची भूमिका केली आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. नुसता आकडा वाचला तरी पुरस्काराचं नाव सुचायला लागतं. आकडा जिथे खात्रीचा मिळेल तिथे तो जरूर घ्या, कारण श्रोत्यांना आकडा ऐकला की आधी आश्चर्य वाटतं आणि मग हसू येतं.

वहीत एक पान वस्तूंसाठी राखून ठेवा. पार्टीतला पियानो, बंगल्यातला वळणदार जिना, गरीब आईचं शिवणयंत्र, वाढदिवसाचा केक, खुंटीवरचा कंदील. माझा सर्वांत लाडका आहे तो पियानो. नायिकेचं लग्न दुसऱ्याशी ठरलेलं असतं, दिवाणखाना पाहुण्यांनी भरलेला असतो आणि नायक पियानोपाशी बसून सगळ्यांदेखत आपलं काळीज उघडं करतो. गाणं कोणासाठी आहे हे त्या शंभर पाहुण्यांपैकी एकालाही कळत नाही; कळतं ते नायिकेला आणि पियानोला. आम्ही पियानोला ‘विश्वासू मित्र’ पुरस्कार दिला तेव्हा टाळ्या थांबत नव्हत्या. नटांइतकंच प्रेम लोक या वस्तूंवर करतात.

पुरस्काराचं नाव: माणूस बदलून बघा

नाव बेतल्यावर एक कसोटी लावायची. त्याच पुरस्कारापुढे दुसऱ्या कोणाचं तरी नाव घालून मोठ्याने वाचायचं. दुसरं नावही चाललं, तर पुरस्कार ढिला आहे, परत शिवायला घ्या. ‘सर्वांत देखणा नायक’ कोणालाही चालतो. ‘सर्वांत जास्त रडणारी आई’ निदान चार जणींना चालतो. पण ‘राज, दिलीप आणि देव या तिघांचीही आई’ म्हटलं की लीला चिटणीस डोळ्यांसमोर उभ्या राहतात. ‘आवारा’त (१९५१) त्या राज कपूरची आई होत्या, ‘गंगा जमना’त (१९६१) दिलीपकुमारची आणि ‘गाइड’मध्ये (१९६५) देव आनंदची. अख्ख्या देशाने ज्या तिघांवरून भांडणं केली, त्या तिघांनी पदर धरला तो एकीचाच.

मीनाकुमारीचंही असंच आहे. १९६३ च्या फिल्मफेअरला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी तीन नामांकनं होती आणि तिन्ही तिचीच. ‘आरती’, ‘मैं चुप रहूंगी’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’. तिसऱ्याने बाकीच्या दोघींना हरवलं. अशा वेळी तुम्ही वेगळं काही रचायला जाऊ नका. ‘स्वतःशीच चुरस’ एवढं म्हणा आणि बाजूला व्हा.

प्राणचा पुरस्कार तर भाषेनेच आपल्या हातात ठेवला आहे. १९७३ मध्ये ‘बेईमान’मधल्या कामासाठी त्यांना फिल्मफेअर जाहीर झालं आणि त्यांनी ते नाकारलं. ‘पाकीजा’च्या संगीतासाठी गुलाम मोहम्मद यांना पुरस्कार मिळायला हवा होता, आणि गुलाम मोहम्मद तर ते मागायलाही हयात नव्हते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आमच्या यादीत ते ‘बेईमानचं बक्षीस इमानाने परत’ या नावाने आहेत. पडद्यावर ज्याने आयुष्यभर नायिकांचे हात पिरगाळले, त्याने मेलेल्या संगीतकारासाठी आपलं बक्षीस सोडलं, हे सांगताना अजूनही माझा आवाज जड होतो.

नावात शब्द कमी ठेवा. पाच-सहा शब्दांत बसलं पाहिजे, कारण खाली म्हटल्याप्रमाणे ते भांड्यावर कोरायचं आहे.

गोष्ट पारखून घ्या

जुन्या सिनेमाभोवती दंतकथांचं रान माजलेलं आहे. देव आनंदने काळा सूट घालून बाहेर पडू नये असा कोर्टाचा हुकूम होता, मुली गच्चीवरून उड्या टाकायच्या, ही कथा प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकू येते. तो हुकूम मात्र आजवर कोणी दाखवलेला नाही. अशी कथा टाकून द्यायची गरज नाही, फक्त तिच्यामागे ‘असं म्हणतात’ लावा आणि पुरस्कारही कथेलाच द्या. ‘सर्वांत देखणी अफवा’. देव आनंदच्या वाट्याला मग खऱ्या गोष्टी शिल्लक राहतात: मान तिरकी करून एका श्वासात पाच वाक्यं बोलणं, गळ्याशी रुमाल, आणि कधी न थकलेली चाल.

उलट काही गोष्टी इतक्या गोड असतात की त्या खोट्या वाटाव्यात, आणि त्या खऱ्या निघतात. जॉनी वॉकर म्हणजे बद्रुद्दीन काझी, मुंबईच्या बेस्ट बसमधले कंडक्टर. बलराज साहनींनी त्यांना हेरलं, गुरुदत्तपर्यंत पोचवलं आणि गुरुदत्तने त्यांना व्हिस्कीचं नाव दिलं. दारुड्याची नक्कल त्यांच्याइतकी हुबेहूब फार थोड्यांनी केली. आणि हा माणूस स्वतः दारूला शिवत नसे.

मराठीतली अशीच गोष्ट राजा गोसावींची. ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) पुण्यात भानुविलास टॉकीजला लागला तेव्हा ते तिथल्याच तिकीट खिडकीवर कामाला होते आणि स्वतः नायक असलेल्या सिनेमाची तिकिटं आपल्या हाताने फाडून देत होते, असं पुण्यातले जुने लोक अभिमानाने सांगतात. त्यांच्या पुरस्काराचं नाव आम्ही ‘आत भेटूच’ असं ठेवलं. खिडकीतून तिकीट देताना नायक प्रेक्षकाला दुसरं काय म्हणणार!

पारखायचं कसं? नटाने स्वतः मुलाखतीत किंवा आठवणींत सांगितलेलं पहिलं धरा. त्या काळची नियतकालिकं मिळाली तर फार उत्तम. बाबूराव पटेलांचं ‘फिल्मइंडिया’ १९३५ पासून मुंबईतून निघत होतं आणि त्याचे बरेच अंक आता इंटरनेटवर चाळायला मिळतात. बाबूरावांची जीभ फार तिखट होती, त्यामुळे त्यांच्याकडून तपशील घ्या, शेरे घेऊ नका. सिनेमाचं साल आणि नटाचं नाव श्रेयनामावलीतून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

मानपत्र लिहा

इथे आपली मराठी खुलते. पुरस्काराचं नाव चिमटा काढतं. मानपत्राने पाठीवर हात फिरवायचा असतो. मजकूर दीड मिनिटात वाचून व्हावा. भाषा सत्कार समारंभातली भारदस्त ठेवा, कारण ती जितकी भारदस्त तितकी गंमत जास्त. सुरुवात थेट करा, मध्ये दोन-तीन पक्के तपशील द्या आणि शेवटचं वाक्य निर्भेळ कौतुकाचं असू द्या. शेवटी परत चिमटा काढायचा मोह होतो, तो आवरा.

जगदीश राज यांच्यासाठी आम्ही लिहिलेलं मानपत्र असं होतं:

‘इन्स्पेक्टरसाहेब, आपण १४४ वेळा वर्दी चढवलीत. खात्याने आपली बदली केली नाही, बढती दिली नाही, निवृत्तीही दिली नाही. गोळी झाडून झाल्यावर, नायकाने खलनायकाला लोळवल्यावर, आईने लेकाला ओळखल्यावर आपली जीप येऊन थांबली. उशिरा आलात असं लोक म्हणतात. आम्ही म्हणतो, आपण आलात म्हणून आम्हाला कळलं, की आता सगळं ठीक होणार आणि आपण घरी जायला हरकत नाही. आमच्या लहानपणी पोलिसाचा चेहरा कसा असतो असं कोणी विचारलं असतं, तर आम्ही आपलाच चेहरा सांगितला असता. आपणांस ‘धुवायला वेळ न मिळालेली खाकी’ हा पुरस्कार आदरपूर्वक अर्पण.’

लीला चिटणीसांचं मानपत्र माझ्या आईने लिहिलं आणि ते माझ्यापेक्षा सरस उतरलं:

‘लीलाबाई, तुमच्या पदरात हिंदी सिनेमाने तीन मोठे मुलगे टाकले आणि एकानेही तुम्हाला सुखाचे दिवस दाखवले नाहीत. एक चोर झाला, एक डाकू झाला, एक तुरुंगात जाऊन आला. तुम्ही प्रत्येकाला जेवू घातलंत. पण आम्ही विसरलो नाही, की त्याआधी तुम्ही स्वतः नायिका होतात, १९३९ च्या ‘कंगन’मध्ये अशोककुमारच्या समोर उभ्या होतात, आणि १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी तुम्हीच. पोरांच्या काळजीत तुमचं ते रूप लोकांच्या मनातून गेलं. आमच्या मनातून गेलेलं नाही.’

हे वाचताना आई ‘आमच्या मनातून गेलेलं नाही’ या वाक्याला थांबली. गच्चीवर बसलेल्या बायकांपैकी कितीतरी जणींनी आपल्या मुलांच्या काळजीत स्वतःची जुनी रूपं विसरून टाकली होती. त्या वेळी टाळ्या लगेच आल्या नाहीत, जरा वेळाने आल्या.

यावरून एक सूचना. मानपत्र एकाच माणसाने लिहू नका. सासूबाईंना आठवणारा सिनेमा वेगळा, मुलाला यूट्यूबवर सापडलेला वेगळा. प्रत्येकाने आपला एक माणूस दत्तक घ्यावा आणि त्याच्यावर लिहावं.

जखमेवर बोट ठेवू नका

हा भाग नीट वाचा. पहिल्याच वर्षी आमच्या कच्च्या यादीत ललिता पवारांसाठी ‘एका डोळ्यात सासुरवास’ असं काहीतरी नाव होतं. सगळ्यांना ते आवडलं होतं. खाष्ट सासू, बारीक झालेला डावा डोळा, कपाळावर आठी. यादी वाचून दाखवली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘तो डोळा कशाने तसा झाला माहीत आहे का?’ आणि त्यांनी सांगितलं.

ललिताबाई येवल्याच्या. ऐन तारुण्यात नायिका म्हणून काम करत होत्या. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आजादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांना त्यांना थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याची नस दुखावली आणि जवळजवळ तीन वर्षं उपचारांत गेली. नायिकेची कामं संपली. त्या परत आल्या त्या चरित्र भूमिकांसाठी, आणि तोच डोळा घेऊन त्यांनी पुढची कित्येक दशकं पडदा आणि नंतर ‘रामायण’ मालिकेतली मंथरा गाजवली.

ती चिठ्ठी आम्ही तिथल्या तिथे फाडली. पण ललिताबाईंना यादीतून काढलं नाही. आम्ही परत सिनेमाकडे गेलो आणि ‘अनाडी’ (१९५९) लावला. त्यातली मिसेस डिसा, राज कपूरची घरमालकीण, सतत खेकसत असते आणि प्रत्येक खेकसण्याच्या आत माया असते. याच भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं होतं. पुरस्काराचं नाव झालं ‘भाडं राहू दे, आधी जेव’. हे पहिल्यापेक्षा मजेदार होतं आणि खरंही होतं. दुखऱ्या जागेवरून बाजूला झालं की बहुतेक वेळा जास्त चांगलं काहीतरी हाती लागतं, हा माझा अनुभव आहे.

अमेरिकेत वाईट सिनेमांना रॅझी नावाची बक्षिसं देतात. त्यांनाही हे उशिरा उमगलं. २०२२ मध्ये त्यांनी ब्रूस विलिस या नटाच्या वाईट कामांचा एक वेगळा विभागच काढला होता. त्याला वाचा जाण्याचा आजार असल्याचं जाहीर होताच तो मागे घ्यावा लागला. त्याच वेळी त्यांनी शेली डुव्हाल या नटीचं पहिल्या वर्षीचं नामांकनही रद्द केलं, जवळपास ४० वर्षांनी.

म्हणून शरीर, रंग, आजार, व्यसन, मोडलेलं लग्न, अखेरची गरिबी यांवर एकही शब्द नको. शंका आली तर डोळे मिटून एवढंच बघा: ती व्यक्ती समोर पहिल्या रांगेत बसली आहे, नाव पुकारलं जातं आहे. ती हसत उठून येईल का? हॉलिवूडची नताली वुड १९६६ मध्ये खरोखर हार्वर्ड विद्यापीठात गेली आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी दिलेलं ‘वाईट नटी’चं बक्षीस तिने हसत घेतलं. तो तिचा मोठेपणा होता. आपला पुरस्कार असा हवा, की घेणाऱ्याला मोठेपणा दाखवायची पाळीच येऊ नये.

हातात काय द्यायचं

फिल्मफेअरची पहिली बक्षिसं २१ मार्च १९५४ ला मुंबईच्या मेट्रो टॉकीजमध्ये दिली गेली, अवघी पाच. तेव्हा त्यांना ‘क्लेअर’ म्हणत, ‘टाइम्स’च्या चित्रपट समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या नावावरून. सिनेमावर लिहिणाऱ्या एका बाईंचं नाव त्या सोहळ्याला होतं, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून आम्ही आमच्या संध्याकाळी पहिला दिवा त्यांच्या नावाने लावतो. फिल्मफेअरची बाहुली घडवली शिल्पकार एन. जी. पानसरे यांनी. आपल्याला एवढी कलाकुसर करायची नाही. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी ऑस्करसुद्धा प्लॅस्टरचे देत होते, आणि रॅझीचा पहिला सोहळा १९८१ मध्ये एका घराच्या दिवाणखान्यात झाला होता.

आमची वस्तू आहे स्टीलचा पेला. लग्नात आहेराच्या भांड्यावर नाव घालतात, तसं भांड्यांच्या दुकानात त्यावर पुरस्काराचं नाव घालून मिळतं. मशीनची ती थरथरती ठिपक्याठिपक्यांची अक्षरं मला कोणत्याही सोनेरी पाटीपेक्षा जवळची वाटतात. ‘सुवर्णभुवई – के. एन. सिंग – कोजागरी.’ दुकानदाराला मजकूर कागदावर सुवाच्य लिहून द्या आणि वेलांट्या स्वतः तपासा, कारण एकदा कोरलं की खोडता येत नाही. कलावंताच्या वतीने ज्याने मानपत्र लिहिलं त्याने पेला घ्यायचा, आणि त्या रात्रीचं दूध त्यातच प्यायचं. आमच्या इमारतीत आता बऱ्याच घरांत असा एकेक पेला आहे. तिसऱ्या मजल्यावर रोज सकाळी जॉनी वॉकरच्या पेल्यातून ताक घेतलं जातं.

शाल आणि श्रीफळ एकच पुरतं. तीच शाल प्रत्येकाच्या खांद्यावर जाते आणि परत टेबलावर येते.

संध्याकाळ कशी चालवायची

बारा पुरस्कारांना दीड तास लागतो. त्याहून जास्त ठेवू नका. प्रत्येक पुरस्काराचा क्रम एकच: आधी सिनेमातला तो तुकडा दाखवायचा, दोन मिनिटांच्या आत. मग पुरस्काराचं नाव, मग विजेत्याचं नाव, मग मानपत्र. तुकडा आधी दाखवणं फार महत्त्वाचं आहे. नव्या पिढीच्या पोरांनी के. एन. सिंग पाहिलेलेच नसतात. भुवई वर गेली की ती पोरं आधी हसतात आणि मग पुरस्काराचं नाव ऐकून दुसऱ्यांदा हसतात. पडद्यासाठी पांढरी चादर ताणून बांधा, सुरकुती राहिली तर नटाच्या नाकावर येते. आवाजाचा स्पीकर श्रोत्यांच्या मध्ये ठेवा, कारण ज्येष्ठांना शब्द ऐकू येणं चित्रापेक्षा गरजेचं असतं.

सुरुवात वस्तूंच्या पुरस्कारांनी करा, पियानो, जिना, शिवणयंत्र, लोक सैलावतात. मधोमध आया आणि बाप घ्या, कारण तिथे डोळे पाणावतात आणि पाणावलेल्या डोळ्यांनी कोणाला घरी पाठवायचं नाही. नझीर हुसेन यांचा ‘लेकीच्या पाठवणीचा पहिला हुंदका’ इथे येतो. खलनायक त्यानंतर. लोकांना मध्ये बोलू द्या. कोणीतरी हमखास उठून सांगेल, की मी अमुक टॉकीजला हा सिनेमा तीनदा पाहिला, रांगेत चप्पल हरवली होती. तो पुरस्काराहून सुंदर भाग असतो. त्याला घड्याळ दाखवू नका.

शेवटचा पुरस्कार दर वर्षी भगवानदादांचा असतो आणि त्याला मानपत्र नसतं. दादांचं अंग जड, पावलं छोटी, हात असे सैल सुटलेले की जणू नाचणं म्हणजे चालण्याचाच एक आळशी प्रकार आहे. ‘अलबेला’ (१९५१) आला आणि ज्यांना नाचता येत नव्हतं त्या सगळ्यांना नाचता येऊ लागलं. गणपतीच्या मिरवणुकीत आपला गिरणीतला काका, बँकेतला मामा, दोन्ही हात वर करून जे करतो, ते दादांचंच आहे. ललिताबाईंचा पेला आधी देऊन झालेला असतो, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक झालेली असते, आणि तरीही दादांचं नाव आलं की गच्ची उठून उभी राहते. दूध तोवर आटलेलं असतं. गॅस बंद करा, ‘शोला जो भडके’ लावा आणि खुर्च्या आधीच कठड्याला लावून ठेवलेल्या असू द्या.